गेम डिझाइन शिकायचंय? पहिल्या सहा महिन्यांत काय धरून चालावं

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या बऱ्याच घरांत गेम डिझाइनच्या क्लासची चौकशी सुरू होते. मुलाच्या डोक्यात अख्खं शहर, गाड्या, मारामारी असं सगळं असतं. तसले गेम शेकडो माणसं वर्षानुवर्षं खपून बनवतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने एकट्याने बनवला हे खरं, पण २०१६मध्ये तो बाजारात येईपर्यंत त्याची चार वर्षांहून जास्त गेली होती. म्हणून सहा महिन्यांत एक छोटा पण पूर्ण झालेला गेम, एवढंच ठरवा. ते नक्की जमतं.

आधी कागद

सुरुवातीला लॅपटॉप बाजूला ठेवा आणि घरातली सापशिडी काढा. तिच्यात खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं, फासा पडेल तसं जायचं. आता एकच नियम बदला: दोन फासे टाकायचे आणि त्यातला हवा तो एक आकडा घ्यायचा. समजा ४ आणि ६ पडले. चारवर शिडी आहे, पण ती नेऊन सोडते ती मोठ्या सापाच्या तोंडाशी. सहावर साधं घर, धोका नाही. काय घ्याल? लगेच घरातली माणसं पटावर वाकून वाद घालायला लागतात. खेळणाऱ्याला अशी निवड देणं, हेच डिझायनरचं मुख्य काम. मग तीन फासे करून बघा. सापांची भीतीच जाते आणि खेळ मिळमिळीत होतो. नियम किती सैल सोडायचा, ते असं हाताने करूनच कळतं.

मग एकच इंजिन

इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. त्यातलं गोडो घ्या. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी, अनरियलही उत्तम, पण दर महिन्याला इंजिन बदलू नका. थोडं कोडिंग करावंच लागेल. ते टाळायचं म्हणून डिझाइनकडे येत असाल, तर हा विचार आत्ताच सोडा.

विषय जवळचा, नियम एक

ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो तिथे चरतात आणि भरती चढली की त्यांना उठावं लागतं. यात एक गेम तयारच आहे. बटण दाबून धरलं की पक्षी चरतो आणि गुण वाढतात, सोडलं की उडतो. पाणी पायाला लागलं की डाव संपला. दुकान, लेव्हल, गोष्ट यातलं काहीही घालू नका.

आकार, रंग, हालचाल थोड्या दिवसांत होईल. खरा वेळ खाईल ते पाणी. एकाच वेगाने चढलं तर दुसऱ्या डावातच कंटाळा येतो, शेवटी वेग वाढला तर बोट थरथरतं. आणखी एक बारकावा: बटण सोडायला सेकंदाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये ६ फ्रेमचा उशीर झाला तरी पक्षी वाचवा. खेळणाऱ्याला ही सूट कळत नाही, पण ती नसली तर तो “मी वेळेत सोडलं होतं!” म्हणून चिडतो.

दुसऱ्याच्या हातात द्या

सोसायटीतल्या मुलांना फोन द्या आणि गप्प बसा. काहीही समजावू नका. बोट कुठे अडतं, कुठे दोनदा दाबलं जातं, ते वहीत टिपा. “आवडला का?” विचारलंत तर सगळे हो म्हणतात. “इथे काय करायचं असं वाटलं?” हे विचारा.

प्रकाशन, पैसे, नोकरी

इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम फुकट टाकता येतो. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. पहिल्या गेममधून पैसे येतील असं धरू नका. नोकरीसाठी प्रमाणपत्रापेक्षा असे दोन-तीन पूर्ण गेम जास्त कामाला येतात. स्टुडिओत शिरकाव पुष्कळदा टेस्टिंगच्या कामातून होतो, त्याला कमी लेखू नका.

आणि एखादा क्लास नोकरीची हमी देत असेल, तर फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले गेम तिथेच बसून खेळायला मागा.