बाकी न काढता फिझबझ: लोकसंख्यावाढीच्या सूत्रातून

फिझबझ हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या नवशिक्यांचा ठरलेला सराव. १ ते १०० आकडे छापायचे. ३ च्या पटीला ‘फिझ’, ५ च्या पटीला ‘बझ’, दोन्हींच्या पटीला ‘फिझबझ’. बाकी काढणारं चिन्ह वापरलं की काम पाच-सहा ओळींत आटोपतं. तेच काम मुद्दाम लांबच्या वाटेने, दोन काल्पनिक प्राण्यांच्या पिढ्या वाढवून करता येतं. अट एकच: बाकी काढणारं चिन्ह किंवा ३ पर्यंत मोजणारा छुपा काउंटर कुठेही नको. नुसत्या दिखाऊ ओळी घातल्या तर गंमतही जाते आणि शिकणंही.

बेल्जियन गणितज्ञ वेरहुल्स्ट यांचं लोकसंख्यावाढीचं १८३८ चं लॉजिस्टिक समीकरण सलग काळासाठी आहे. त्यातली संख्या चढते आणि मर्यादेपाशी स्थिरावते, म्हणून ते इथे निरुपयोगी. आपल्याला पिढीगणिक उडी मारणारं रूप हवं, शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ज्याच्या विलक्षण वागण्याकडे लक्ष वेधलं ते:

नवा एक्स = आर × एक्स × (१ − एक्स)

एक्स म्हणजे कमाल संख्येचा भाग, ० ते १ मध्ये. आर हा वाढीचा दर. आर = ३.८३१८७४ ठेवून ०.५ पासून निघालं तर संख्या ०.९५८, ०.१५४ आणि पुन्हा ०.५ अशी तीन पिढ्यांत परतते. आर = ३.७३८९१५ असेल तर पाच पिढ्यांत.

दोन्ही संख्या ०.५ वर ठेवा. प्रत्येक आकड्याला दोन्ही एकेक पिढी पुढे न्या. पहिली ०.५ जवळ आली तर ‘फिझ’, दुसरी आली तर ‘बझ’ त्याच ओळीत जोडा. काहीच जोडलं नसेल तर आकडा छापा. १५ साठी वेगळी अट लागतच नाही.

‘जवळ’ म्हणजे फरक ०.०५ पेक्षा कमी. थेट ०.५ शी बरोबरी तपासली तर ‘फिझ’ येण्याची खात्री नाही, कारण आर सहा दशांश स्थळांवर कापलेला आहे आणि दशांश गणितही नेमकं नसतं. तरी चूक साचत नाही: ०.५ पाशी सूत्राचा चढ शून्य असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत आधीची चूक जवळजवळ पुसली जाते. नेमके हेच आर निवडण्याचं कारण ते.

आर ढोबळ घेतला की मात्र पंचाईत. ३.८२ घेतलं तर ३ आणि ६ ला फिझ बरोबर येतं, ९ ला हुकतं. तीनचं स्थिर आवर्तन साधारण ३.८२८४ ला सुरू होतं. त्याच्या अलीकडे नुसता आवर्तनाचा भास असतो. म्हणून पहिल्या दहा ओळींवर समाधान मानू नका, साध्या प्रोग्रामशी १०,००० पर्यंत ताडून पाहा. दुसरा सापळा: काही भाषांत १/२ लिहिलं की पूर्णांक भागाकार होऊन ० मिळतो आणि संख्या कायमची नामशेष राहते. ०.५ च लिहा.

आर आयते घेण्यापेक्षा शोधलेले बरे. ०.५ पासून तीन पिढ्यांनंतरचा एक्स वजा ०.५ हा फरक आर = ३.८ ला धन, ३.८५ ला ऋण येतो. मध्यबिंदू घेत, फरकाचं चिन्ह जिथे बदलतं तो अर्धा भाग ठेवत, ४० वेळा अंतर निम्मं करा. पाचसाठी ३.७३ ते ३.७५ घ्या. शोधाच्या पल्ल्यात आर = २ येऊ देऊ नका: तिथे संख्या ०.५ वरच बसून राहते, आणि प्रत्येक आकड्याला फिझ छापलं जातं. ७ ची पट जोडायची असेल तर आवर्तनातले सातही बिंदू आधी छापून पाहा, एखादा ०.५ च्या फार जवळ असला तर ०.०५ ची सूट कमी करावी लागेल.