सापडलेलं पुन्हा सापडावं म्हणून

पाय मुरगळल्यामुळे आठवडाभर घरी होतो. नेटवर कितीतरी भारी गोष्टी सापडल्या, पण जुन्या पुण्याचा एक नकाशा बायकोला दाखवायला गेलो तर मिळेचना. फोनवर ८७ टॅब उघडे! बुकमार्क करून ठेवायचे म्हणाल, तर ते परत उघडून बघतो कोण?

आता असं करतो:

१. व्हॉट्सॲपवर नवीन चॅट उघडलं की यादीत आपलं स्वतःचं नाव दिसतं. त्याला एक मेसेज टाकायचा आणि ते चॅट वर पिन करायचं.

२. आवडलेली लिंक तिथे पाठवायची, पण नुसती नाही. सोबत आपल्या भाषेत दोन-चार शब्द: ‘नकाशा पुणे जुना’, ‘आळूवडी सासूबाईंसारखी’. खरी गंमत इथेच आहे. पानाचं मूळ शीर्षक आपल्याला कधीच आठवत नाही, आपण दिलेलं नाव मात्र आठवतं.

३. हवं तेव्हा त्या चॅटमध्ये ‘शोधा’ दाबून ‘नकाशा’ टाइप करायचं. ‘आळू’ की ‘अळू’ हे मात्र एकदाच ठरवून टाका.

एखादं पान फारच मोलाचं वाटलं, तर वेबॅक मशीन (web.archive.org) या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर जाऊन ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत त्याचा पत्ता टाकायचा. उद्या मूळ साइट बंद पडली तरी प्रत राहते. फुकट आहे.

फक्त ती प्रत कुणालाही दिसू शकते. त्यामुळे आपलं नाव, फोन नंबर किंवा खासगी कागदपत्रं असलेलं पान तिथे टाकू नका.