डिजिटल बाइंडर करताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

पाटण तालुक्यात कोयना खोऱ्यातल्या एका हायस्कूलवर मी विज्ञान शिकवतो. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात जुन्या बॉक्स फायली आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर मार्करनं इयत्ता, विषय, वर्ष लिहिलेलं, आत रंगीत कागद घालून कप्पे पाडलेले. काल बदलून आलेला माणूससुद्धा त्यातनं आठवीचा स्वाध्याय दोन मिनिटात काढून देतो. डिजिटल बाइंडर म्हणजे तरी दुसरं काय, हीच फाईल मोबाईलवर. टाचण, नोट्स, स्वाध्याय, जुने पेपर, व्हिडिओच्या लिंका, सगळं एका जागी आणि पोरांना घरबसल्या उघडता येईल असं. गंमत अशी की कागदाच्या फायलीवर नाव लिहायला कुणी विसरत नाही आणि मोबाईलवर आलं की सगळेच विसरतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोल्डर केलं की बाइंडर झालं असं समजणं. मी पण हेच केलं होतं. गूगल ड्राइव्हमधे फोल्डर, त्यात इयत्ता, त्यात विषय, त्यात सत्र, त्यात घटक, त्यात नोट्स, आणि पोरगं बिचारं वडलांच्या मोबाईलवर बोटानं सात वेळा दाबत आत शिरणार आणि तिथं मोकळं फोल्डर. दोन थर बास झाले, आणि सगळ्यात वर एक अनुक्रमणिका पाहिजे. साधं गूगल डॉक घ्यायचं, त्यात तक्ता करायचा, एका ओळीत एक पाठ आणि त्याच्यासमोर नोट्स, स्वाध्याय, व्हिडिओ यांच्या लिंका. ग्रुपवर फक्त या एका पानाची लिंक द्यायची. आतल्या फायली नंतर कितीही बदला, पोरांकडची लिंक तीच राहते. लाइव्हबाइंडर्स नावाची वेबसाईट खास याच कामाची आहे, वर टॅब असतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या वननोटमधे क्लास नोटबुक आहे ज्यात शिक्षकांचं साहित्य वेगळं, सगळ्यांनी मिळून लिहायची जागा वेगळी आणि प्रत्येक पोराची स्वतःची वही वेगळी असते. चांगलंच आहे ते, पण आमच्याकडं पोरांची अकाउंटच नाहीत म्हणून आम्ही डॉक आणि ड्राइव्हवर भागवतो.

व्हॉट्सॲप ग्रुपलाच बाइंडर समजू नका. तिथं आज टाकलेला स्वाध्याय उद्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. फळ्याचा फोटो साधा टाकला की तो दाबून बारका होतो आणि आकृतीतली नावं वाचता येत नाहीत, टाकायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून टाका.

नावाचं काय? माझ्या ड्राइव्हमधे एकेकाळी 'स्वाध्याय नवीन', 'स्वाध्याय नवीन फायनल' आणि 'फायनल २ हाच घ्या' अशा तीन फायली होत्या आणि घ्यायची होती ती चौथीच, तिचं नाव होतं 'डॉक्युमेंट १'. आता सरळ इयत्ता, विषय, पाठ क्रमांक, पाठाचं नाव, प्रकार या क्रमानं नाव देतो, म्हणजे '०८ विज्ञान ०३ बल व दाब स्वाध्याय'. एक आकडी क्रमांकाआधी शून्य लावा, नाहीतर काही मोबाईलमधे १ च्या मागं लगेच १० येऊन बसतो. आणि स्टाफनं आधी एकदा ठरवून घ्या की आकडे मराठी की इंग्रजी, अर्धे असे अर्धे तसे केले की शोधताना डोकं फिरतं.

आता फॉन्टचं दुखणं. याच्यावर जरा जास्त बोलतो कारण मराठी शाळांना हेच सगळ्यात जास्त छळतं आणि इंग्रजीतल्या सल्ल्यात हे कुठं सापडायचं नाही. आपल्याकडचे जुने पेपर कराडच्या नाहीतर साताऱ्याच्या डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपीत किंवा कृतिदेवमधे टाईप करून आणलेले असतात. हे फॉन्ट युनिकोड (सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरला कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांचा चेहरा मराठी दिसतो, आणि ती वर्ड फाईल पोरानं मोबाईलवर उघडली की तिथं तो फॉन्ट नसतो आणि मुखवटा गळून पडतो, नुसती कचरापट्टी दिसते. एका पालकाचा रात्री फोन, "सर, पेपर विंग्रजीत आलाय काय, काय कळंना झालंय बगा." पीडीएफ केली तर दिसतं बरोबर, कारण फॉन्ट आतच बांधला जातो, पण 'बल' शोधलं की ती पीडीएफ सापडतच नाही. दीडेकशे फायली अशा सुंदर दिसणाऱ्या पण न सापडणाऱ्या करून ठेवल्या होत्या आम्ही.

उपाय तीन. नवीन जे काय कराल ते युनिकोडमधेच करा, टाईप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या मोबाईल कीबोर्डवर, मराठी बोलून लिहा, नंतर तपासा. जुन्या वर्ड फायली जुना फॉन्ट युनिकोडमधे बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधनं काढा, पण काढल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालनं घाला, गडबड तिथंच होते, 'पूर्ती'चं भलतंच कायतरी होऊन बसतं. आणि वर्ड फाईल गेलीय नुसती प्रिंट राहिलीय असं असेल तर नीट उजेडात स्कॅन करा, ड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून ती गूगल डॉक्सनं उघडा, आतला मजकूर मराठीतसुद्धा बऱ्यापैकी निघतो. गणिताचे अपूर्णांक मात्र हातानंच.

'सर ओपन होईना'

हा मेसेज आला की चारपैकी एक कारण असतं. एक, लिंक 'रिस्ट्रिक्टेड' राहिलीय, मग तुमच्या मेलवर रात्री चाळीस रिक्वेस्ट येऊन पडतात. 'एनीवन विथ द लिंक' करा आणि बाजूला 'व्ह्यूअर' ठेवा. दोन, मोबाईलवर दोन-तीन अकाउंट आहेत आणि ड्राइव्ह भलत्याच अकाउंटनं उघडतंय. तीन, फाईल तुम्ही डिलीट करून पुन्हा नवी चढवली, म्हणजे लिंक बदलली. असं करू नका, जुन्या फाईलवरच 'मॅनेज व्हर्जन्स'मधनं नवी फाईल चढवा, लिंक तीच राहते. चार, नेटच नाही, त्याचं पुढं सांगतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. वैतागून मी एकदा सगळं 'एडिटर' करून टाकलं होतं, दोन दिवसात अनुक्रमणिकेच्या तक्त्यात कुणीतरी क्रिकेटच्या टीम लिहिल्या आणि पाचव्या पाठाची ओळ गायब. डॉकमधे व्हर्जन हिस्टरी असते त्यामुळं परत मिळालं, आणि डिलीट केलेली फाईल ट्रॅशमधे ३० दिवस राहते, त्यानंतर मात्र हात जोडायचे. पोरांनी लिहायचीच वर्कशीट असेल तर लिंकच्या शेवटी जिथं इंग्रजीत एडिट लिहिलेलं असतं तिथपासनं पुढचं खोडून तिथं इंग्रजीतच कॉपी लिहा, म्हणजे ज्याची त्याला वेगळी प्रत मिळते. यासाठी गूगल अकाउंट लागतं, आणि १३ वर्षांखालच्या पोराला ते पालकांच्या देखरेखीशिवाय काढता येत नाही, म्हणून पाचवी-सहावीला नुसती बघायची लिंक द्या आणि लिहू दे वहीत.

आणि हे नीट ऐका. मोकळ्या केलेल्या फोल्डरमधे जे टाकाल ते आपोआप मोकळं होतं. आमच्यातल्या एकानं निकालपत्रक, आधार नंबर आणि पालकांचे मोबाईल असलेली यादी चुकून त्याच फोल्डरमधे ठेवली आणि ती अख्ख्या वर्गाला आठवडाभर दिसत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, पण कायदा राहू द्या बाजूला, कुणाच्या पोरीचा नंबर असा फिरला तर आपण काय तोंड दाखवणार. पोरांची माहिती वेगळ्या फोल्डरात, शक्यतो वेगळ्या अकाउंटवर.

अकाउंटवरनं आठवलं. सगळं बाइंडर एका उत्साही सरांच्या स्वतःच्या जीमेलवर असतं, सरांची बदली होते, आणि नंतर पासवर्ड माहीत असला तरी ओटीपी जातो सरांच्या मोबाईलवर. एका वर्षी आम्ही ओटीपीसाठी माणसाला लग्नाच्या पंगतीतनं उठवलंय. शाळेच्या नावानं अकाउंट काढा, रिकव्हरी नंबर मुख्याध्यापकांच्या ऑफिसचा द्या. शाळेला गूगल वर्कस्पेस (संस्थेच्या नावानं मिळणारी गूगलची सेवा) मिळालं असेल तर 'शेअर्ड ड्राइव्ह' वापरा, त्यातली फाईल माणसाची नसते, संस्थेची असते.

साध्या अकाउंटला फुकट जागा १५ जीबी, आणि ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज तिघांत मिळून. भरली की मेलसुद्धा यायचे बंद होतात. आमची जागा गॅदरिंगच्या व्हिडिओंनी खाल्ली होती. व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो) करून नुसती लिंक ठेवा, आणि बालभारतीचं पुस्तक परत कशाला चढवायचं, ई-बालभारतीवर पीडीएफ आहेच, पुस्तकातल्या क्यूआर कोडवर दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचं साहित्य पण आहे.

नेटचं म्हणाल तर आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरपण जातो. वरच्या वाडीवरची पोरं, मोबाईल वडलांचा, वडील कारखान्यावर, हातात येतो रात्री आठला. त्यामुळं एका पाठाची एकच पीडीएफ, चार-पाच एमबीच्या आतली. वीस फोटो सुटे टाकू नका, ड्राइव्हच्या स्कॅननं ब्लॅक अँड व्हाईट करून एकत्र बांधा. वडलांचा मोबाईल ज्या दिवशी शाळेत आणता येईल त्या दिवशी शाळेच्या वायफायवर ड्राइव्ह ॲपमधे 'मेक अव्हेलेबल ऑफलाईन' करून द्यायचं. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी स्टाफमधल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर उघडून बघायचं. आमच्यात तो शिपाईमामांचा आहे, तो पास तर सगळं पास.

शेवटची चूक जूनमधे होते. नवीन वर्ष म्हणून अनुक्रमणिकेची कॉपी काढली, वर '२०२५-२६' लिहिलं, झालं काम असं वाटतं. पण कॉपीतल्या लिंका जुन्याच फायलींना जोडलेल्या असतात. मी नवीन समजून स्वाध्यायातले प्रश्न बदलले आणि गेल्या वर्षीचा स्वाध्याय, जो मला तपासणीला दाखवायचा होता, तोच बदलून बसला. आधी फायलींच्या प्रती काढा, मग तक्त्यात एकेक लिंक नवीन चिकटवा. आठवीच्या एका विषयाला माझी एक दुपार जाते, चहा धरून.