शुल्कवाढीआधी विद्यार्थ्यांचे मत घ्यायचे ते कसे?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. विद्यापीठाच्या बांभोरीच्या आवारात एम.एस्सी. करणारा मुलगा आणि सातपुड्यातल्या धडगावात बी.ए. करणारी मुलगी, दोघांना एकाच दिवशी एकच लिंक पाठवली तर उत्तर बहुधा एकाचेच येते. पुढची पद्धत प्राचार्य, शुल्क समितीतले सदस्य आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी यांना आपापल्या महाविद्यालयात वापरता येईल.

आधी ठरवा, विचारण्याजोगे काय उरले आहे

माहितीपुस्तिका छापून झाली, प्रवेशाच्या संगणक प्रणालीत नवे आकडे भरले आणि मग मत मागवले, तर मुलांना ते लगेच कळते. पुढच्या वर्षी ती फॉर्म हातातही घेत नाहीत. म्हणून आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प मंजुरीला जाण्याआधी, जानेवारीत सुरुवात करा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम संपवा. सातपुड्याच्या पट्ट्यात होळीच्या आधीचे दिवस आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचे असतात. त्या आठवड्यात धडगाव, मोलगीकडे वर्ग रिकामे मिळतील.

कुठले शुल्क कोण ठरवते तेही पहिल्याच ओळीत लिहा. विनाअनुदानित अभियांत्रिकी, औषधनिर्माण, एमबीए यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तिथे महाविद्यालयाने ‘वाढवू का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. फार तर हप्ते कसे पाडायचे ते विचारता येते, आणि तो प्रश्नही छोटा नाही.

एका पानाचे शुल्कपत्रक

प्रस्ताव टक्क्यांत मांडू नका. शुल्काच्या प्रत्येक शीर्षासमोर (शिक्षण, परीक्षा, ग्रंथालय अशा प्रत्येक बाबीसमोर) आजची रक्कम, प्रस्तावित रक्कम, फरक रुपयांत, वाढीचे कारण आणि ‘शिष्यवृत्तीतून परत मिळते की नाही’ असे पाच रकाने हवेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच गाळला जातो.

समजा, बी.एस्सी.चे एकूण शुल्क आज ५,८०० रुपये आहे. त्यात शिक्षण शुल्क २,४००, परीक्षा शुल्क १,४०० आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक, जिमखाना मिळून २,०००. प्रस्तावात शिक्षण आणि परीक्षा शुल्क तेवढेच ठेवले आणि बाकीची शीर्षे २,८७० वर नेली. कागदावर वाढ ८७० रुपये, म्हणजे १५ टक्के. पण ज्या मुलाला शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासनाकडून मिळते, त्याच्या खिशातून आज २,००० जातात आणि उद्या २,८७० जातील. त्याच्यासाठी ही वाढ साडेत्रेचाळीस टक्क्यांची आहे. ‘शिष्यवृत्तीवाल्यांना काही फरक पडत नाही’ हे बैठकीत सर्रास ऐकू येणारे वाक्य इथेच खोटे पडते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने मिळालेली सवलतही शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. इतर शीर्षे त्यांनाही भरावी लागतात.

कारणाच्या रकान्यात ‘गुणवत्तावाढीसाठी’ लिहू नका. ‘रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २० सूक्ष्म तराजू’ असे लिहिले तर मुले नीट उत्तर देतात. (तराजू वर्षभर खोक्यातच राहिले तर तेही त्यांना दिसते.)

कुणाला विचारायचे

जो स्वतःहून येतो तो आधीच रागावलेला असतो किंवा गावातच राहणारा असतो. म्हणून नावे पटावरून काढा. ८०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पाच टक्क्यांच्या आतबाहेर चूक चालवून घ्यायची, तर साधारण २६० भरलेले फॉर्म पुरतात. दहातले सातच फॉर्म परत येतील असे धरून ३७० मुले निवडा, म्हणजे हजेरीपटावरचा जवळपास दर दुसरा क्रमांक. संपूर्ण विद्यापीठासाठी ३८५ च्या आसपास फॉर्म पुरतात. पण ‘नंदुरबारचे काय म्हणणे आहे’ हे वेगळे सांगायचे असेल तर त्या जिल्ह्याचे निदान शंभर फॉर्म स्वतंत्र हवेत, आणि तेव्हाही दहा टक्क्यांची चूक गृहीत धरा.

तृतीय वर्षाची उत्तरे वेगळी मोजा. ती मुले वाढीव शुल्क भरणार नाहीत, त्यामुळे त्यांची संमती स्वस्त असते. ज्यांना खरोखर भरायचे आहे ती प्रथम आणि द्वितीय वर्षाची मुले. त्याच आवारातल्या बारावीच्या वर्गालाही विचारा. पुढच्या प्रवेशाचा निर्णय तिथेच होत असतो.

फॉर्म

ए-४ कागदाची एकच बाजू, सात-आठ प्रश्न, मराठीत. नुसत्या गूगल फॉर्मवर विसंबू नका. घरात एक मोबाइल आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात, ही परिस्थिती अजून आहे. सातपुड्यात रेंजचाही भरवसा नाही. नाव, हजेरी क्रमांक किंवा जात विचारू नका. वर्ष, शाखा, रोज किती किलोमीटर प्रवास आणि शिष्यवृत्ती मिळते का, एवढे बास.

‘सुविधा सुधारण्यासाठी शुल्कवाढ मान्य आहे का?’ हा प्रश्न बाद. नाही म्हणणारा सुविधांच्या विरोधात ठरतो. त्याऐवजी असे विचारा:

‘प्रवेशाच्या वेळी ८७० रुपये जादा भरावे लागले तर ते कुठून येतील?’ पर्याय: घरून / उसने किंवा व्याजाने / स्वतःच्या मजुरीतून / शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत भरता येणार नाहीत / शिक्षण थांबवावे लागेल.

‘दोन हप्ते केले तर दुसरा कोणत्या महिन्यात ठेवावा?’

‘वाढ केली नाही तर यातले काय पुढे ढकललेले चालेल?’ इथे तीन खरी कामे लिहा आणि एकावर खूण करायला सांगा.

हप्त्याच्या प्रश्नाला खानदेशात विशेष वजन आहे. प्रवेश जून-जुलैत होतात आणि त्याच आठवड्यांत बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी यांत घरातला पैसा अडकलेला असतो. कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढे-मागे हाती येऊ लागतात. त्यामुळे वाढ मान्य असलेले घरही जुलैत भरू शकत नाही आणि डिसेंबरात भरू शकते. नुसते ‘हो की नाही’ विचारणाऱ्या फॉर्ममधून हे कधीच कळत नाही.

वाटप, वेळ आणि गटचर्चा

अंतर्गत गुण देणाऱ्या शिक्षकाकडून किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्या लिपिकाकडून फॉर्म गोळा करवू नका, मुले सावध होतात. दुसऱ्या विभागातला कर्मचारी पाठवा आणि कुलूपबंद पेटी वर्गात ठेवा. सभा कॉलेज सुटल्यावर लावली की पासवाली मुले एसटीकडे किंवा पॅसेंजरकडे पळतात. मागे राहतात ती वसतिगृहातली आणि गावातली. तिसऱ्या तासाला किंवा प्रात्यक्षिकाच्या तुकडीत २० मिनिटे घ्या. पहिली पाच मिनिटे शुल्कपत्रक मोठ्याने वाचून दाखवण्यात घालवा, मगच फॉर्म वाटा.

फॉर्मच्या जोडीला निदान चार गटचर्चा हव्यात: मुली, वसतिगृहवासी, रोज ये-जा करणारे, आणि सुट्टीत कामाला जाणारे. गटात आठ ते दहा जण, ४५ मिनिटे, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. बोलणे अहिराणीत, नवापूरकडे मावचीत, धडगावकडे पावरीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत चालू द्या. प्रमाण मराठीत ‘हो सर’ म्हणून गप्प बसणारा मुलगा घरच्या बोलीत हिशेब मांडू लागतो. लिहिणाऱ्याला ती बोली येत असली पाहिजे. दुभाष्या बसवला की चर्चा आटते.

विद्यार्थी संघटनांची बैठक वेगळी घ्या आणि त्यांच्या निवेदनाला आवक क्रमांक द्या. निवेदनावरच्या ४०० सह्या म्हणजे ४०० फॉर्म नव्हेत, पण एका फॉर्मइतक्या क्षुल्लकही नव्हेत. अहवालात तो मजकूर स्वतंत्र जोडा. महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात. प्रस्ताव समितीपुढे येईल त्या दिवशी शुल्कपत्रक त्यांच्या हातात पहिल्यांदा पडू नये, निदान आठ दिवस आधी द्या.

मोजणी आणि उत्तर

सगळ्यांची सरासरी काढू नका. शिष्यवृत्ती मिळणारे आणि न मिळणारे, आणि प्रवास २० किलोमीटरच्या आतला आणि बाहेरचा, असे चार गट करून प्रत्येकाची टक्केवारी वेगळी लिहा. एखाद्या गटात तीसपेक्षा कमी फॉर्म असतील तर टक्केवारी न देता आकडेच द्या. किती फॉर्म वाटले आणि किती परत आले हेही वर लिहा. ‘शिक्षण थांबवावे लागेल’ असे म्हणणारे शंभरात चारच असले तरी ते पहिल्या पानावर यायला हवे. त्या चौघांसाठी काही सोय नसेल तर इतर ९६ जणांची संमती तिथे कामाची नाही.

पेटी उघडल्यापासून १५ दिवसांत सूचना फलकावर, वसतिगृहात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक तक्ता लावा: मुलांनी काय मांडले, त्यावर काय ठरले, का ठरले. न मानलेल्या सूचनाही त्यात हव्यात. वाढ ८७० ऐवजी ५०० झाली असेल तर कोणते शीर्ष कमी केले ते लिहा. काहीच बदलले नसेल तर तसे स्पष्ट लिहा. हे काम सर्वांत नकोसे असते आणि म्हणून राहून जाते.

भरलेले फॉर्म, गटचर्चेच्या नोंदी आणि मोजणीचा तक्ता एकाच फाइलमध्ये, पानांवर क्रमांक घालून ठेवा. अनुदानित महाविद्यालयाकडे माहिती अधिकारात कुणी मागणी केली तर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि पुढल्या प्रस्तावाच्या वेळी तुलना करायलाही हीच फाइल लागते.