दुचाकी परवान्याची चाचणी : मैदानात पाय का टेकतो? या चुका टाळा

महिनाभर रस्त्यावर सराव केलेला, चाळीस-पन्नासच्या वेगाने निर्धास्त जाणारा माणूस चाचणीला येतो. जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्याच्या दुसऱ्याच वळणावर त्याचा पाय टेकतो आणि तो मान खाली घालून बाहेर पडतो. आपल्याला गाडीच येत नाही असं त्याला वाटायला लागतं. मी नवशिक्यांना शिकवतो, त्यामुळे हा चेहरा मला चांगला ओळखीचा आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. कारण त्याचं एकच शिकायचं राहिलेलं असतं : माणसाच्या चालण्याच्या वेगाने गाडी चालवणं. बहुतेक चाचण्या नेमकं तेच मागतात.

वेगात असताना दुचाकी बरीचशी स्वतःच सावरते. ती एका बाजूला झुकू लागली की पुढचं चाक आपोआप त्याच बाजूला थोडं वळतं आणि गाडी पुन्हा उभी होते. वेग उतरला की ही मदत आटत जाते. ताशी ५-७ किलोमीटरवर तोल सांभाळायचं काम जवळजवळ पूर्णपणे तुमच्या हातापायांवर येतं. म्हणून जिथे बघाल तिथे परीक्षेत हळू चालवण्याचा भाग असतोच. भारतात आठचा आकडा काढायला लावतात. ब्रिटनमध्ये मैदानावरच्या टप्प्यात जमिनीवर ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी जाणं, आठ, चालण्याच्या वेगाने सरळ जाणं आणि यू-टर्न, एवढं सगळं असतं. जपानमध्ये तर १५ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद पट्टीवरून जायचं असतं. मध्यम गाडीला किमान ७ सेकंद आणि मोठ्या गाडीला किमान १० सेकंद लागले पाहिजेत. त्याहून लवकर पोहोचलात तर गुण जातात, पट्टीवरून चाक उतरलं तर तिथेच नापास. १० सेकंदांचा हिशेब केला तर वेग येतो ताशी जवळपास साडेपाच किलोमीटर. एवढ्या हळू तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली होती?

सर्वांत महागात पडणारी चूक : क्लच पूर्ण दाबून वळणं

नवशिक्याला वळण दिसलं की भीती वाटते, आणि भीती वाटली की डावा हात क्लच गच्च दाबतो. त्या क्षणी इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटतो. गाडी नुसती घरंगळत राहते, वेग उतरतो, गाडी आतल्या बाजूला पडायला लागते आणि पाय टेकतो. घाबरून क्लच एकदम सोडला तर गाडी झटका देऊन रेषेबाहेर जाते नाहीतर बंद पडते.

उपाय म्हणजे हाफ क्लच (म्हणजे अर्धवटच सोडलेला क्लच), रेस आणि मागचा ब्रेक, तिन्ही एकाच वेळी. रेस थोडीशी वर धरून ठेवायची आणि तिथून हलवायची नाही. क्लच ज्या जागी पकडायला लागतो त्या जागेच्या आसपास दोन बोटांनी एखाद-दोन मिलिमीटर मागेपुढे करायचा. मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब कायम ठेवायचा. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो आणि त्या ताणात गाडी ताठ उभी राहते. वेग कमी करायचा तर ब्रेक जरा जास्त, वाढवायचा तर जरा कमी. एवढंच.

‘क्लच प्लेट जळणार नाही का?’ हा प्रश्न मला प्रत्येक तुकडीत येतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांचा असा सराव तो सहज सोसतो. मधेमधे थांबून त्याला थंड होऊ द्या. भररस्त्यात तासन्तास हाफ क्लचवर चालवायची सवय मात्र लावून घेऊ नका.

क्लच पकडतो ती जागा हाताला कळेपर्यंत पुढे जाऊ नका. मोकळ्या, सपाट जागेत पहिल्या गिअरमध्ये उभे राहा, रेसला हातही लावू नका, आणि क्लच इतका सावकाश सोडा की गाडी जेमतेम एक हात पुढे सरकेल. परत दाबा, थांबा, परत सोडा. असं पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे. पण आठचा आकडा जमण्यासाठी याहून उपयोगी काही मला आजवर सापडलेलं नाही.

गिअर नसलेल्या स्कूटरवर चाचणी देणाऱ्यांना हाफ क्लच मिळत नाही. त्यांच्या क्लचची पकड इंजिनाच्या वेगावर ठरते. रेस पूर्ण सोडली की पकड सुटते, परत दिली की गाडी झटका मारते. म्हणून स्कूटरवर रेस कधीच पूर्ण सोडायची नाही. ती किंचित धरून ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने सांभाळायचा.

वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक

हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक नुसता चिमटीत धरला तरी गाडी त्याच बाजूला कोसळते. गाडी थबकते, चाक वळलेलंच राहतं आणि सगळं वजन आत जातं. हे इतक्या पटकन होतं की सावरायला वेळच मिळत नाही. संथ वळणांचा सराव करताना उजव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती ठेवा. बोट लिव्हरवर असेल तर घाबरल्यावर ते दाबलं जाणारच.

नजर

जिथे बघाल तिथे गाडी जाते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरीही चाचणीत जवळपास प्रत्येक जण पुढच्या चाकाकडे किंवा ज्या रेषेला लागायचं नाही तिच्याकडेच बघतो, आणि मग त्याच रेषेवर जातो.

डोळे वळवून भागत नाही, मान वळवावी लागते. यू-टर्न घेताना हनुवटी खांद्याच्या रेषेत आली पाहिजे आणि नजर जिथून बाहेर पडायचं त्या जागेवर हवी. आठच्या आकड्यात तर अर्धं वळण झालं की लगेच पुढच्या वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाकडे बघायला लागा. सुरुवातीला हे धोक्याचं वाटेल, कारण चाकाखाली काय आहे ते दिसत नाही. मी विद्यार्थ्याला वर्तुळ काढायला सांगतो, मधोमध उभा राहतो आणि ‘माझ्याकडे बघत राहा’ एवढंच म्हणतो. वर्तुळ आपोआप लहान होत जातं. चालवणाऱ्यालाच त्याचं नवल वाटतं.

अंग गाडीबरोबर झुकवणं

वेगातल्या वळणात माणूस गाडीबरोबर आत झुकतो. संथ वळणात याच्या उलट करायचं : गाडी आत झुकू द्यायची आणि आपण बाहेरच्या बाजूला, सीटच्या कडेवर वजन ठेवून सरळ बसायचं. मग हँडल शेवटपर्यंत वळवता येतं. हात ताठ असतील तर यातलं काहीच होत नाही. ताठ हात हँडलला वळू देत नाहीत, आणि मग गाडी वळत नाही म्हणून दोष गाडीला दिला जातो. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल सोडा.

एका बाजूचं वळण जमतं आणि दुसऱ्या बाजूचं नाही, ही तक्रार फार येते. बहुतेकांचं उजवं वळण अडतं, आणि त्याचं कारण हातात असतं. हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की उजवी मूठ पोटाजवळ येते, मनगट मुडपतं आणि नकळत रेस वाढते. त्याच वेळी डावा हात लांब ताणला जातो आणि क्लचवरचा ताबा सुटतो. उजवी मूठ स्क्रू-ड्रायव्हर धरल्यासारखी किंचित तिरकी धरा, उजवं कोपर बाहेर काढा आणि खांद्यासकट धड उजवीकडे फिरवा. डावा हात मोकळा होईल. सरावाचा दोन तृतीयांश वेळ कच्च्या बाजूलाच द्या. जमणारी बाजू परत परत काढून मन खूश होतं, पण परीक्षक दोन्ही बाजू बघतो.

अचानक थांबायला सांगतात तेव्हा

काही चाचण्यांत ठरावीक वेग गाठून तातडीने थांबायचं असतं. ब्रिटनमध्ये हा वेग किमान ताशी ५० किलोमीटर आहे. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक जण भीतीने वेगच गाठत नाही किंवा खुणेच्या आधीच ब्रेक दाबायला लागतो. दुसरा पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळतो.

ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढचा टायर जमिनीवर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. पण त्याला एखादा क्षण लागतो. तो क्षण न देता लिव्हर आवळला तर टायर दाबला जायच्या आधीच चाक जाम होऊ शकतं. लिंबू पिळावं तसं आधी हलकेच आणि मग वाढत्या जोराने दाबा. मागचं चाक याच वेळी हलकं झालेलं असतं, म्हणून मागचा ब्रेक सौम्यच हवा. फक्त मागच्या ब्रेकवर थांबणारे लांब घसरत जातात आणि खुणेच्या पुढे निघतात. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पुरेसा दाबून तसाच धरून ठेवा. लिव्हर थरथरला म्हणून सोडू नका.

सराव २० च्या वेगापासून सुरू करा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. त्यामुळे २५ वर नीट थांबता येतं म्हणून ५० वरही येईल असं धरून चालू नका. ३०, ४०, मग ५०, आणि प्रत्येक पायरीवर गाडी सरळ उभी थांबली पाहिजे. पूर्ण थांबेपर्यंत नजर समोर. खाली बघितलं की शेवटच्या फुटात तोल जातो.

अडथळा चुकवून जायचं असेल तर ब्रेक आणि वळण वेगवेगळं ठेवा. टायरची पकड एकच असते, ती दोन्हीकडे वाटली तर कमी पडते. आणि इथे आणखी एक घोळ होतो. चालण्याच्या वेगात हँडल जिकडे वळवाल तिकडे गाडी जाते. वेग आल्यावर मात्र उजवीकडे झुकायचं तर उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. हे वाचून पटत नाही. मोकळ्या जागी ३० च्या वेगाने जाताना उजवा तळहात अगदी हलकेच पुढे दाबून बघा, हाताला लगेच कळेल.

गाडीची चूक आपल्या माथी

टायरमध्ये हवा कमी असेल तर संथ वेगात हँडल जड लागतं. क्लचच्या वायरला जास्त ढील असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. साखळी ढिली असेल तर रेस दिली-सोडली की झटका बसतो. रेस सोडल्यावर इंजिन बंद पडत असेल तर आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, तपासून घ्या. हे सगळं चाचणीच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. कारण क्लच नव्याने ओढून घेतला की पकडण्याची जागा बदलते आणि हाताला परत शिकावं लागतं. म्हणूनच ऐनवेळी मित्राची ‘हलकी’ गाडी मागून आणू नका. ज्या गाडीवर सराव, तीच चाचणीला.

मान वळवून मागे न बघणं, वळल्यावर इंडिकेटर चालूच राहणं, साइड स्टँड न काढता निघणं, या चुकांना कौशल्य लागत नाही, फक्त सवय लागते. गाडी सुरूच होत नसेल तर घाम फुटायच्या आधी लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बघा.

सराव कसा करावा

रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी सलग तीन तास करण्यापेक्षा ते केव्हाही बरं, कारण थकलेला हात क्लच धरू शकत नाही. रहदारी नसलेली जागा, हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि सोबत एक जाणता माणूस हवा. चाचणीत असतो त्याहून मोठा आठ आखा, सलग पाच वेळा पाय न टेकता जमला की एक फूट लहान करा. चाचणीच्या मापाहून थोडा लहानही जमायला लागला की मैदानात जागा ऐसपैस वाटते. सोबतच्या माणसाला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आपण मान वळवतोय असं वाटत असतं, पण चित्रीकरणात ती बहुधा सरळच दिसते.

चाचणीत सूचना कळली नाही तर परत विचारा, त्याने गुण जात नाहीत. सुरुवातीच्या रेषेवर श्वास सोडा आणि बोटं एकदा मोकळी करा. पाय टेकलाच तर तिथे थांबून हळहळू नका, उरलेला भाग नीट पूर्ण करा.

आणि नापास झालात तर त्याच दिवशी कागदावर आठ काढा आणि पाय टेकला तिथे फुली मारा. फुली वळणात शिरताना असेल तर आत येण्याचा वेग तपासा. वळणाच्या मध्यावर असेल तर नजर कुठे होती ते आठवा. बाहेर पडताना असेल तर क्लच. पुढच्या वेळी सराव तिथूनच सुरू करा.