घरी शुगर-बीपी मोजून अ‍ॅपमध्ये ठेवताय? या चुका टाळा

अ‍ॅपमध्ये महिन्याची सरासरी शुगर १२० दिसते आणि लॅबमध्ये एचबीए१सी ८.५ निघतं. अशा वेळी पहिली शंका लॅबवर घेतली जाते. पण ८.५ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण १९७. मग १२० कुठून आले? रोज फक्त उपाशीपोटी मोजल्यामुळे. अ‍ॅप तुम्ही भरलेल्या आकड्यांचीच सरासरी काढतं. दुपारच्या जेवणानंतर शुगर २६० ला गेली होती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना त्यासाठी दिवसातून चारदा टोचायची गरज नाही. जोडीने मोजा: सोमवारी न्याहारीच्या आधी आणि नंतर, बुधवारी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, शुक्रवारी रात्रीच्या. आठवड्याला सहा पट्ट्या. 'नंतर' म्हणजे पहिल्या घासापासून दोन तास. हात धुतल्यापासून नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच पाळावं. आणि प्रत्येक नोंदीला 'जेवणाआधी' किंवा 'जेवणानंतर' ही खूण लावाच. नुसता '१७०' डॉक्टरांच्या काही कामाचा नाही: उपाशीपोटी असेल तर औषध बदलावं लागेल, जेवणानंतर असेल तर कदाचित काहीच नाही.

बोट आणि पट्ट्या

आंबा चिरून किंवा गूळ फोडून तसंच टोचलं, तर बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि अचानक ३०० दिसतात. सॅनिटायझरने ही साखर नीट निघत नाही. साबण-पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. बोटाच्या टोकावर मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. रक्त येत नसेल तर बोट पिळू नका, पेशींमधलं पाणी त्यात उतरतं. हात अर्धा मिनिट खाली सोडा.

पट्ट्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि आपल्याकडे चार महिने तीच असते. पट्ट्या मूळ डबीतून काढून औषधांच्या खोक्यात टाकल्या की त्या गेल्याच. फ्रिजही नको. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. बऱ्याच पट्ट्या उघडल्यावर तीन ते सहा महिनेच चालतात, मुदत डबीवर छापलेली असते. आठवड्याला दोनच पट्ट्या वापरणाऱ्याला ५० ची डबी २५ आठवडे पुरते, म्हणून त्याने २५ चीच घ्यावी.

आणखी एक सवय सोडा: लागोपाठ तीनदा मोजून त्यातला सगळ्यात कमी आकडा ठेवणे. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १०० च्या पुढे १५ टक्के इकडे-तिकडे जाण्याची मुभा असते. खरी शुगर १८० असताना १५३ दिसू शकते आणि २०७ सुद्धा. म्हणूनच एका आकड्यावरून गोळी कमी-जास्त करायची नसते.

बीपी: पट्टा, पाठ, हात

इथे सर्वाधिक घोळ कफच्या, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या, मापाचा. मशीनसोबत येणारा कफ बहुधा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी असतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा. दंड ३५ सेंमीचा असेल तर त्या कफने बीपी खोटंच जास्त येणार. मोठा कफ वेगळा मागवा. कफ उघड्या दंडावर बांधा, सदऱ्यावरून नाही.

पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत, मशीन मांडीवर, समोर टीव्ही: घरोघरी हेच चालतं. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, कफ हृदयाच्या पातळीला. हात १० सेंमी खाली राहिला तर आकडा ७-८ ने वाढतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना नको. लघवी करून घ्या. मोजताना बोलू नका.

सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी वाढलेलं मानतात. दवाखान्यातली १४०/९० ही मर्यादा घरच्या आकड्यांना लावू नका. मात्र १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, दम लागणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं असं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ लावा.

फोनमधल्या चुका

ग्लुकोमीटरचा सेल बदलला की घड्याळ बिघडू शकतं आणि नोंदी भलत्याच तारखेला बसतात. सेल बदलल्यावर आधी तारीख-वेळ तपासा. एकाच बीपी मशीनवर आई-बाबा दोघं मोजत असतील तर 'ए' आणि 'बी' बटणं ठरवून घ्या, नाहीतर दोघांची मिळून एकच सरासरी निघते.

मशीनमधून ब्लूटूथने नोंदी अ‍ॅपमध्ये येणं मध्येच थांबत असेल तर बहुधा फोनची बॅटरी-बचत आड येते: सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशनही चालू ठेवावं लागतं.

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांसाठी: तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे रात्री खोटं 'लो' दाखवतो. कूस बदला आणि बोटाला टोचून खात्री करा. पण घाम किंवा थरथर असेल तर थांबू नका: तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवत असाल, तर सेन्सरचा 'लो'चा अलार्म त्यातून वगळलाय ना, ते एकदा बघून घ्या.

न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं होतं, की असं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांचा रंगीत आलेख दाखवण्यापेक्षा शेवटच्या १४ दिवसांच्या नोंदींची पीडीएफ न्या, आणि गोळी चुकली किंवा ताप होता त्या दिवसांवर पेनाने खूण करा. एकदा मशीनही सोबत न्या. त्यांच्या मशीनशेजारी लावून फरक किती येतो ते पाहता येईल.