लघवी कशी तयार होते हे मुलांना कसं शिकवायचं, घोकंपट्टी न करता

किडनी म्हणजे गाळणी एवढं एकच वाक्य मुलं पाठ करतात आणि तिथेच घोळ होतो, कारण गाळणीतून खाली आलेला चहा आपण परत वर ओतत नाही, किडनी मात्र खाली गेलेलं जवळपास सगळं परत उचलून घेते. म्हणून गाळणी फक्त पहिल्या पायरीपुरती वापरा.

आधी पूर्ण पानभर एकच नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली लघवी बनवणारी एक सूक्ष्म नळी, काढायला लावा (एका किडनीत असे साधारण १० लाख असतात). सुरुवातीला कप म्हणजे बोमन कॅप्सूल, त्यात केशवाहिन्यांचा गुंता म्हणजे ग्लोमेरुलस. आत येणारी रक्तवाहिनी जाड, बाहेर जाणारी बारीक, हे चित्रात दिसलंच पाहिजे, प्रेशर कुठून येतं ते त्यातूनच कळतं. त्या प्रेशरने पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया कपात उतरतात, रक्तपेशी आणि मोठी प्रोटीन्स मागे राहतात.

आता विचारा, दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते फक्त दीड-एक लिटर, मग बाकीचं गेलं कुठे? लगेच उत्तर देऊ नका, विचार करू द्या.

मग दिवाळीच्या साफसफाईची आठवण करून द्या. आपण एकेक खराब डबा शोधत बसतो का, फळीवरचं सगळं खाली काढतो आणि लागेल तेवढंच परत लावतो, किडनी अगदी तेच करते. कपाच्या पुढच्या वेटोळ्या नळीतून ग्लुकोज जवळपास सगळं रक्तात परत, पाणी आणि सोडियम साधारण दोन तृतीयांश. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेली की उचलणारे कमी पडतात आणि ती लघवीत उतरते, घरात कुणाला डायबेटीस असेल तर हे मुलांना पटकन समजतं.

पुढे हेन्लेचा यू आकाराचा पाश, उतरताना पाणी बाहेर, चढताना मीठ बाहेर, दोन रंगांचे बाण काढा. आणि एक उलटा बाण हमखास राहून जातो तो म्हणजे स्राव, हायड्रोजन, पोटॅशियम, काही औषधं रक्तातून नळीत टाकली जातात.

शेवटी कलेक्टिंग डक्ट, म्हणजे लघवी गोळा करणारी नळी. उन्हात खेळून आल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी का होते? शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हे पाणी राखून ठेवणारं हार्मोन जास्त सुटतं आणि इथलं पाणी परत ओढलं जातं.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर न बघता काढायला सांगा आणि विचारा, तांब्याभर पाणी प्यायलास तर कुठला बाण बारीक होईल? बोट कलेक्टिंग डक्टवर गेलं तर पुढचा धडा घ्या.